न मिटलेली कमेंट

त्या माणसाला मी माफ केलेलं नाही. हे लिहायला बसले तेही माफ करण्यासाठी नाही. घडलं ते माझ्या शब्दांत कुठेतरी असावं एवढ्यासाठी लिहिते आहे. त्याच्या शब्दांत ते बऱ्याच ठिकाणी सांगून झालं आहे.

हिंगणघाटला टायरच्या दुकानावर दोन खोल्यांचं आमचं ऑफिस होतं. डाळ मिलच्या ड्रायरला एक छोटं कंट्रोलर मशीन बसवतात. बर्नर कधी पेटवायचा, कधी बंद करायचा, हॉर्न कधी वाजवायचा हे ते मशीन ठरवतं. त्या मशीनचे प्रोग्राम आम्ही लिहीत होतो. आम्ही म्हणजे मालकाचा मेव्हणा आणि मी. मालक मिलवाल्यांना भेटायचा आणि मशीन विकायचा. त्याला सगळे 'भाऊ' म्हणत. मेव्हण्याला 'सर' म्हणावं लागे.

पहिल्या दिवशी सरांनी माझं आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मी गिरड सांगितलं. गिरडमध्ये कुठे, असं विचारलं. मी वस्ती सांगितली. सर म्हणाले, "अच्छा." त्या 'अच्छा'चा अर्थ मला शाळेपासून पाठ आहे.

सरांनी त्या मशीनसाठी स्वतःची एक भाषा तयार केली होती. जगात ती भाषा फक्त त्यांना येत होती आणि त्यांना ते फार आवडत होतं. मी विचारलं, "सर, या भाषेची माहिती कुठे लिहून ठेवली आहे का?" त्यांनी कपाळावर बोट आपटलं. "इथे आहे. जुने प्रोग्राम वाच, कळेल."

"आणि वाचून नाही कळलं तर?"

"तर दोष भाषेचा नाही."

पुढचं समजायला एक गोष्ट सांगावी लागेल. प्रोग्राममध्ये काही ओळी माणसानं माणसासाठी लिहिलेल्या असतात. 'हे अमक्यासाठी आहे, इथे हात लावू नका,' अशा. त्यांना आम्ही कमेंट म्हणतो. मशीननं त्या ओळी न वाचता पुढे जायचं असतं. कुठून कुठवर वाचायचं नाही हे कळावं म्हणून खुणा असतात आणि प्रत्येक भाषेच्या खुणा वेगळ्या. सरांच्या भाषेत एका ओळीची कमेंट टक्क्याच्या दोन चिन्हांनी सुरू व्हायची. मोठी कमेंट असेल तर सुरुवातीला कंस आणि मग तारा, शेवटी तारा आणि मग कंस. एखादी ओळ तात्पुरती बंद ठेवायची असली तरी तिला कमेंट करून टाकतात. ओळ जागेवर राहते, मशीन तिच्याकडे बघत नाही.

आम्ही ज्यात प्रोग्राम टाइप करतो त्या एडिटरला नेहमीच्या भाषा कळतात. तो कमेंट हिरव्या रंगात दाखवतो. दोन बटणं एकदम दाबली की ओळीपुढे कमेंटची खूण स्वतःच टाकतो. सरांची भाषा त्याला कुठून माहीत असणार? त्यात आमच्या फाइलच्या नावाचं शेपूट भलत्याच एका भाषेशी जुळत होतं. म्हणून एडिटर आमच्या फाइलला ती दुसरी भाषा समजायचा. रंग यायचे, पण चुकीचे. खऱ्या कमेंट इतर मजकुरासारख्याच दिसायच्या आणि त्यात हरवून जायच्या. सर म्हणायचे, "मला रंग लागत नाहीत." मी नवीन होते. गप्प बसले.

तुरीचा हंगाम होता. जामच्या चौफुलीजवळच्या एका डाळ मिलमधून तक्रार आली की ड्रायरचा हॉर्न उगाच वाजत राहतो. सर बाहेर होते. फोनवर म्हणाले, "हॉर्नची ओळ कमेंट कर आणि फाइल पाठवून दे. एवढं तरी येतं ना?"

मी ओळीवर गेले, दोन बटणं दाबली. एडिटरनं ओळीपुढे दोन तिरप्या रेघा टाकल्या आणि ओळ हिरवी झाली. मला वाटलं, बंद झाली. फाइल पाठवली.

सरांच्या भाषेत दोन तिरप्या रेघांचा अर्थ होता, 'ही ओळ वरच्या ओळीला जोडून घे.' वरची ओळ बर्नर बंद करायची होती. दोन्ही जोडून जे तयार झालं त्याला काही अर्थ नव्हता आणि मशीननं दोन्ही ओळी मुकाट सोडून दिल्या. चूक माझी होती. ती मी तेव्हाही नाकारली नाही, आजही नाकारत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बर्नर पेटला तो बंद झालाच नाही. ड्रायरमधली तूर करपायला लागली. धूर दिसला तसा मिलचा मिस्त्री धावला, त्यानं हातानं बर्नर बंद केला आणि आत आग लागली की काय पाहायला दार उघडलं. आतली हवा अंगावर आली. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला.

भाऊंनी मिलवाल्याचा फोन स्पीकरवर घेतला होता. सगळं ऐकून झाल्यावर सर माझ्याकडे न बघता भाऊंना म्हणाले, "मी तुम्हाला आधीच बोललो होतो. प्रत्येकाला प्रत्येक काम झेपत नसतं." भाऊ मला म्हणाले, "काय करून ठेवलं हे पोरी? मिलच्या रजिस्टरात आता आपलं नाव खराब झालं." मिस्त्रीचा हात कसा आहे हे दोघांपैकी कोणी विचारलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा भाऊ म्हणाले, "आहे ना दवाखान्यात. पाहतील ते."

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी घेतली आणि जामची एसटी धरली. मिस्त्री घरी आला होता. पन्नाशीचा, आयटीआय झालेला माणूस. हाताला बँडेज बांधून खाटेवर बसला होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "काका, ती ओळ मी चुकवली. माझ्यामुळं झालं." त्याच्या बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेली. पाणी विचारलं नाही. बरोबरच होतं तिचं.

मिस्त्री म्हणाला, "मॅडम, एक गोष्ट सांगा मले. बर्नर बंद नाई झाला, समजलं. पण गरमी हद्दीच्या वर गेली का मशीन आपोआप सगळंच बंद करते, असं तुमचे सर सांगून गेलते. मशीन बसवली तवा आम्ही करूनही पाह्यलतं. मंग या बारीले काऊन नाई झालं?"

परत येताना एसटीत मी दुसरा कुठलाच विचार केला नाही. माझ्या चुकीनं बर्नर चालू राहिला. पण माणसाच्या हातून चुका होतात म्हणूनच ती तपासणी लिहिलेली असते. ती कुठे गेली?

सरांना विचारलं. ते म्हणाले, "सेन्सर खराब असेल. वायर तुटली असेल. शंभर कारणं असतात. तू आधी आपल्या पायाखाली बघ."

त्या दिवसापासून मी त्यांना काही विचारणं सोडलं.

पुन्हा त्या तिरप्या रेघा माझ्या हातून पडू नयेत म्हणून आधी एडिटरला सरांची भाषा शिकवायची ठरवली. काम फार मोठं नसतं. एका फाइलमध्ये सांगायचं की या शेपटाच्या फाइली या भाषेच्या आहेत. दुसरीत एका ओळीच्या कमेंटची खूण कोणती, मोठी कमेंट कुठल्या खुणेनं उघडते आणि कुठल्या खुणेनं मिटते ते सांगायचं. एवढ्यानं बटणं बरोबर चालतात. पण रंग यायला हवा असेल तर तिसऱ्या फाइलमध्ये तेच सगळं पुन्हा, वेगळ्या पद्धतीनं लिहावं लागतं. तिथे कंसाला आणि ताऱ्याला स्वतःचे वेगळे अर्थ असतात. त्यांच्यापुढे उलटी तिरपी रेघ दिली नाही तर ते साधी चिन्हं उरत नाहीत. मी एका ठिकाणी ती रेघ विसरले आणि सगळी फाइल हिरवीगार झाली. दोन दुपारी त्यात गेल्या. सर मागून जाता जाता म्हणाले, "इथं काय रांगोळ्या काढायला ठेवलंय का?" मी मान वर केली नाही.

दहा ओळींची एक फाइल मी हातानं लिहून तिच्यावर सगळं तपासलं. एका ओळीची कमेंट, मोठी कमेंट, कमेंटनंतरची साधी ओळ. प्रत्येक रंग जिथे हवा तिथेच येत होता. मग मी जामच्या ड्रायरची फाइल उघडली.

इतके महिने जे डोळ्यांसमोर असून दिसत नव्हतं ते उठून दिसायला लागलं. सुरुवातीच्या कमेंट कामाच्या होत्या. बर्नरची माहिती, मिलचं नाव. साधारण मध्यावर एक मोठी कमेंट लागली. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं होतं. मी ते वाचलं.

'ही फाइल नवीन बाईला देऊ नये. कोट्यातून आलेल्यांना लॉजिक कळत नाही.'

माझे वडील शिक्षक. त्यांनी मला कंदिलाच्या उजेडात शिकवलं वगैरे असलं काही मी सांगणार नाही. आमच्याकडे वीज होती, पुस्तकं होती आणि मी वर्धेला एमसीएला वर्गात दुसरी आले होते. हे त्या माणसाला मी माझ्या अर्जात लिहून दिलेलं होतं. त्यानं ते वाचलं होतं, आणि तरी हे लिहिलं होतं. मी येऊन महिनाही झाला नसेल तेव्हा.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली आणि पहिली बाजूला पडली. कमेंट दोन वाक्यांची होती, पण हिरवा रंग दोन वाक्यांनंतर थांबला नव्हता. मी खाली खाली जात राहिले. तीन स्क्रीन भरून सगळं हिरवं. मी पुन्हा वर आले आणि कमेंटच्या शेवटची खूण पाहिली. आधी तारा, मग कंस पाहिजे होता. सरांनी घाईत उलटं टाइप केलं होतं. आधी कंस, मग तारा. ती मिटायची खूण नव्हतीच. त्यामुळे खाली कुठेतरी दुसऱ्या एका कमेंटची मिटायची खूण येईपर्यंत मशीन सगळं काही कमेंट समजून सोडून देत होतं. त्या सोडून दिलेल्या ओळींत तापमानाची तपासणी होती. हद्दीच्या वर गेलं तर सगळं बंद कर आणि हॉर्न वाजव, असं सांगणाऱ्या नऊ ओळी.

माझ्याबद्दल ते वाक्य लिहिलं त्या दिवसापासून ड्रायर तपासणीशिवाय चालत होता.

मी भाऊंना बोलावून स्क्रीन दाखवली. सरही आले. त्यांनी वाचलं असणार, पण चेहरा हलला नाही. म्हणाले, "ही सेटिंग कोणी केली? हिनंच ना? मागच्या वेळी हिरवं दिसलं म्हणून फाइल पाठवली, तिथे एका माणसाचा हात भाजला. आता परत हिरवं दिसतं म्हणून माझा कोड चुकीचा? तुझा एडिटर चुकलाय. कोड बरोबर आहे."

भाऊंना कोड वाचता येत नव्हता. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा मेव्हण्याकडे पाहिलं. "आता कोणाचं ऐकू मी?"

"माझं ऐकू नका," मी म्हणाले. "सरांचंही ऐकू नका. मशीनला विचारा. जामला चला."

सर यायला तयार नव्हते. भाऊंनी त्यांना गाडीत बसवलं. मी त्या गाडीत बसले नाही, एसटीनं गेले.

तो ड्रायर त्या दिवसापासून बंदच होता. मिस्त्री बँडेज बांधलेल्या हातानं आम्हाला आत घेऊन गेला. बर्नरची गॅसची नळी त्यानं आधीच काढून ठेवली होती. पॅनेलवर फक्त बर्नरचा लाल दिवा लागायचा, आग पेटणार नव्हती. तापमानाचा सेन्सर लांब वायरवर असतो. तो मी बाहेर काढला. चौफुलीवरच्या चहावाल्याकडून मिस्त्रीनं दोन किटल्या उकळतं पाणी आणलं होतं. मी मशीन चालू केलं. लाल दिवा लागला. सेन्सर पाण्यात सोडला.

आकडा चढायला लागला. साठ, सत्तर, ऐंशी. हद्द ऐंशीचीच होती. नव्वदच्या वर गेला. लाल दिवा तसाच.

सर म्हणाले, "सेन्सरच खराब आहे. मी तेच सांगत होतो."

मिस्त्री म्हणाला, "सर, सेन्सर खराब असता तर आकडा कसा दाखवून राह्यला? पाणी उकळलेलं आहे, आकडाही तेवढाच आहे."

मी लॅपटॉप उघडला, जी दोन चिन्हं उलटी होती ती सुलटी केली, फाइल मशीनमध्ये घातली आणि सगळं पहिल्यापासून केलं. पाणी थोडं निवलं होतं, मिस्त्रीनं दुसरी किटली ओतली. साठ. सत्तर. ऐंशीला दिवा विझला आणि हॉर्न वाजला. मग माझ्या तिरप्या रेघांच्या जागी मी टक्क्याची दोन चिन्हं टाकली.

भाऊंनी कपाळ पुसलं. मिस्त्री माझ्या बाजूला आला. "दाखवा ना, चूक कोठी होती ते." मी बोटानं दाखवलं. मला वाटलं तो चिन्हं पाहील. तो वाचायला लागला. इंग्रजी अक्षरं एकेक लावत, मोठ्यानं, शाळेतल्या पोरासारखं.

"ही... फाइल... नवीन बाईला... देऊ नये. कोट्या... कोट्यातून आलेल्यांना..."

तिथे त्याला कळलं आणि तो थांबला. पुढचं त्यानं मनात वाचलं. ओठ हलताना दिसत होते.

भाऊ म्हणाले, "अरे, टायपिंग मिस्टेक आहे. होते कोणाच्याही हातून."

मिस्त्री म्हणाला, "कोठची मिस्टेक म्हणून राह्यले भाऊ? कंसाची का मजकुराची?"

"मी ते जनरल लिहिलं होतं," सर म्हणाले. "कोणाचं नाव आहे का त्यात?"

"आपल्या ऑफिसात नवीन बाया किती आहेत, सर?" मी विचारलं.

भाऊंनी मला बाजूला घेतलं. "हे पाह्य, झालं ते झालं. ती ओळ पुसून टाक. घरातली गोष्ट घरात राहू दे."

"माझं घर गिरडला आहे भाऊ. आणि ती ओळ मी पुसणार नाही. ज्यानं लिहिली त्यानं पुसावी."

लॅपटॉप मी सरांसमोर धरला. त्यांनी एका हातानं, उभ्या उभ्या, ते एकेक अक्षर मागे मागे पुसलं. माझ्याकडे पाहिलं नाही. माफी मागितली नाही. मिस्त्रीचीही नाही. मी ती अपेक्षा केली नव्हती, पण त्या वेळी हात शिवशिवत होते हे खरं आहे.

मिलच्या रजिस्टरात अजूनही 'नवीन मॅडमची चूक' एवढंच लिहिलेलं होतं. खरं कारण लेखी द्या, असं मी भाऊंना तीनदा म्हटलं. त्यांनी मिलला 'सॉफ्टवेअर अपडेट केलं आहे' असं एका ओळीचं पत्र दिलं. तेव्हा मी स्वतः एक पान लिहिलं. माझी चूक कोणती, ती आधी लिहिली. मग तपासणी कशामुळे बंद होती ते. खाली सही केली आणि मिस्त्रीच्या हातात दिलं. त्यानं ते मॅनेजरच्या टेबलावर ठेवलं.

आठवड्यानं भाऊ मला म्हणाले, "उद्यापासून येऊ नको." सर आपल्या खुर्चीत बसून काहीतरी टाइप करत राहिले. मी माझा डबा आणि पाण्याची बाटली उचलली. जिना उतरताना मला रडू आलं आणि त्या रडण्याचाही राग आला.

घरी वडिलांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ती फाइल अजून कुठे कुठे आहे?"

मी हा विचार केला नव्हता. सर नव्या मिलला प्रोग्राम द्यायचे तेव्हा जुनी फाइल उचलून नाव बदलायचे. मी जामला फोन केला. मिस्त्री मिस्त्रींना ओळखत असतात. दोन दिवसांत त्यानं पाच मिल शोधल्या जिथे त्या हंगामात आमची मशीनं बसली होती. मी आणि तो एसटीनं फिरलो. चार ठिकाणी तीच कमेंट होती. तेच वाक्य. चार वेळा मी ते वाचलं. चारही ठिकाणी चिन्हं सुलटी केली, वाक्य पुसलं आणि किटलीतल्या उकळत्या पाण्यात सेन्सर सोडून दिवा विझताना पाहिला.

पाचव्या मिलच्या फाटकावर चौकीदारानं अडवलं. "तुम्ही त्याच मॅडम ना? तुम्हाले आत सोडू नका म्हणून फोन आलता." फोन कोणाचा ते त्यानं सांगितलं नाही, विचारायची गरजही नव्हती. जामचा मिस्त्री भांडायला लागला. मी त्याला थांबवलं आणि तिथल्या मिस्त्रीला बाहेर बोलावून घ्यायला सांगितलं. तो आला, तिशीचा असेल. मशीनमधली फाइल उघडून पाहायला त्याला येत होतं. मी वहीच्या पानावर दोन्ही खुणा मोठ्या काढून दिल्या. उघडायची कोणती, मिटायची कोणती. वाक्य कोणतं शोधायचं तेही लिहून दिलं, कारण शोधायला तेवढंच सोपं होतं. ते लिहिताना पेन कागदातून आरपार जाईल एवढं दाबलं गेलं.

त्यानं वाचलं, माझ्याकडे पाहिलं. "हे तुमच्यावर आहे काय ताई?"

"हो," मी म्हणाले. "पाण्यात सेन्सर टाकून नक्की पाहजो. ऐंशीला दिवा गेला पाहिजे."

संध्याकाळी त्याचा फोन आला. दिवा गेला होता.

सर अजून तिथेच आहेत. भाषाही तीच आहे. मी आता नागपूरच्या एका कंपनीचं काम करते. जामच्या मिस्त्रीचा हात बरा झाला, पण कातडी ताणलेली राहिली आणि थंडीत मूठ पूर्ण मिटत नाही.